कुत्र्यांमधील ॲडिसनचा आजार : नसलेल्या खुणांवरून होणारे निदान

कुत्र्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या आतल्या अंगाला, डोक्याच्या दिशेने, एकेक छोटी ग्रंथी असते. अधिवृक्क किंवा ॲड्रेनल या नावाने ओळखली जाणारी ही ग्रंथी मध्यम आकाराच्या कुत्र्यात जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते. तरीही ज्यांच्यावाचून जगणे शक्य नाही अशी संप्रेरके, म्हणजे रक्तातून दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचून त्यांचे काम ठरवणारी रसायने, तिच्या बाहेरच्या थरात तयार होतात. त्यांपैकी अल्डोस्टेरॉन हे मूत्रपिंडांना सोडियम राखून ठेवायला आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकायला लावते. सोडियमबरोबर पाणीही शरीरात टिकते आणि त्यामुळे रक्ताचे आकारमान व दाब कायम राहतो. दुसरे संप्रेरक कॉर्टिसोल हे रक्तातील साखर, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा आणि आतड्यांचे अस्तर यांची राखण करते, आणि आजार, इजा, भीती किंवा उपासमार ओढवली की त्याचे प्रमाण वाढून शरीर तो प्रसंग निभावून नेते. कॉर्टिसोल किती बनवायचे, हे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच नावाच्या संप्रेरकाद्वारे ठरवते. अल्डोस्टेरॉनवर मात्र मुख्यतः मूत्रपिंडांतून सुरू होणारी एक वेगळी यंत्रणा आणि रक्तातील पोटॅशियम यांचे नियंत्रण असते.

हा बाह्य थर निकामी होणे म्हणजेच ॲडिसनचा आजार. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली माणसांमधील या आजाराचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर एका वर्षातच ब्राउन-सेकार या शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दाखवले की दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या तर प्राणी जगत नाही. कुत्र्यांमध्ये हा आजार नैसर्गिकरीत्या होतो याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात यायला मात्र १९५३ साल उजाडावे लागले. ॲडिसन यांच्या काळी माणसांमध्ये या आजाराचे मोठे कारण क्षयरोग हे होते. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणाच या थरातील पेशींना परके समजून त्यांचा हळूहळू नाश करते. निसर्गाने या ग्रंथीला मोठी राखीव क्षमता दिलेली असल्यामुळे साधारण ८५ ते ९० टक्के थर नष्ट होईपर्यंत कुत्रा वरकरणी ठणठणीत दिसतो, आणि म्हणूनच घरच्या माणसांना हा आजार एकाएकी उद्भवल्यासारखा वाटतो.

स्टँडर्ड पूडल, पोर्तुगीज वॉटर डॉग, बिअर्डेड कॉली, नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर आणि ग्रेट डेन या जातींत हा आजार तुलनेने अधिक आढळतो. तथापि तो कोणत्याही जातीच्या आणि संकरित कुत्र्यालाही होऊ शकतो, तरुण व मध्यम वयात तो अधिक दिसतो, आणि एकंदरीत माद्यांमध्ये त्याचे प्रमाण नरांपेक्षा जास्त असते. लक्षणे मात्र कोणतीही ठोस दिशा दाखवत नाहीत. खाण्यावरची वासना उडणे, मधूनमधून उलट्या आणि जुलाब होणे, वजन घटणे, मरगळ, अंगाला कंप सुटणे, मागच्या पायांतली ताकद जाणे, जास्त पाणी पिणे आणि वारंवार लघवी होणे, अशी ही यादी डझनभर इतर आजारांनाही तितकीच लागू पडते. शिवाय ही लक्षणे येतात आणि जातात. चार दिवस सलाईन आणि इंजेक्शने झाली की कुत्रा पुन्हा खाऊ-खेळू लागतो, आणि काही आठवड्यांनी तेच चक्र पुन्हा सुरू होते. घरातली माणसे गावी गेल्यामुळे बोर्डिंगमध्ये राहणे, लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, दिवाळीतले फटाके अशा ताणाच्या प्रसंगांनंतर तब्येत ढासळत असेल, तर त्या योगायोगाकडे गांभीर्याने पाहायला हवे, कारण वाढीव कॉर्टिसोलची गरज नेमकी त्याच वेळी असते आणि निकामी ग्रंथी ती भागवू शकत नाही.

महाराष्ट्रासारख्या प्रदेशात निदानाची वाट आणखी बिकट होते. गोचिडांमुळे होणारे बेबेसिया आणि एर्लिकियाचे ताप, पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस, जंतांचा प्रादुर्भाव आणि लहान वयातला पार्वो हे आजार येथे नेहमीच दिसतात आणि मरगळ, उलट्या, अशक्तपणा ही त्यांचीही लक्षणे असल्यामुळे पशुवैद्यकाचे लक्ष प्रथम तिकडे जाणे स्वाभाविक आहे. अशा गर्दीतून ॲडिसनचा आजार ओळखण्याची खरी गुरुकिल्ली एका वेगळ्या प्रकारच्या निरीक्षणात आहे. बहुतेक आजार रक्तात, लघवीत किंवा क्ष-किरण चित्रात काहीतरी नवे उमटवून आपली ओळख देतात. या आजारात मात्र आजारी शरीराने जो प्रतिसाद द्यायला हवा होता तो दिसत नाही, आणि ही उणीव हाच सर्वांत बोलका पुरावा ठरतो.

पहिली उणीव नाडीत सापडते. पाणी आणि क्षार गमावून धक्क्याच्या अवस्थेत गेलेल्या, म्हणजे रक्तदाब घसरून अवयवांना रक्त अपुरे पडू लागलेल्या कुत्र्याचे हृदय वेगाने धडधडायला हवे. ॲडिसनच्या संकटावस्थेत मात्र ते अनेकदा संथ चालते, कारण शरीरात साठलेले पोटॅशियम हृदयातील विद्युत्‌संदेशांना अडथळा करते. ईसीजीवर टोकदार उंच टी-लहरी दिसतात आणि पोटॅशियम फार वाढल्यास पी-लहरी नाहीशा होतात. दुसरी उणीव पांढऱ्या पेशींच्या मोजणीत असते. गंभीर आजारी कुत्र्यात कॉर्टिसोल वाढल्यामुळे लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात. अंथरुणाला खिळलेल्या कुत्र्यात त्या नेहमीइतक्या किंवा नेहमीपेक्षा अधिक आढळल्या, तर ताणाला प्रतिसाद देणारे कॉर्टिसोलच नाही, अशी शंका घ्यावी लागते. हा निष्कर्ष कोणत्याही प्रयोगशाळेतल्या साध्या रक्ततपासणीतून निघतो, पण अहवालात तो ‘सामान्य’ या रकान्यात छापलेला असल्यामुळे नजरेतून सहज सुटतो.

तिसरी उणीव लघवीत असते आणि तिच्यामुळे होणारी गफलत सर्वांत महागात पडते. रक्तदाब घसरल्याने मूत्रपिंडांतून पुरेसे रक्त वाहत नाही, त्यामुळे रक्तात युरिया आणि क्रिएटिनिन वाढतात. शरीर कोरडे पडलेले असताना निरोगी मूत्रपिंडे दाट लघवी बनवतात. सोडियमच्या दीर्घ कमतरतेमुळे मात्र मूत्रपिंडांची ती क्षमता तात्पुरती हरपते आणि लघवी पातळच राहते. वाढलेले क्रिएटिनिन आणि पातळ लघवी हे मूत्रपिंडे निकामी झाल्याचे ठरलेले चित्र असल्याने एखाद्या तरुण कुत्र्याच्या घरच्यांना आशा सोडायला सांगितले जाण्याचा धोका येथे असतो, वास्तविक योग्य उपचारांनी ही मूत्रपिंडे बहुधा काही दिवसांत पूर्ववत काम करू लागतात. क्ष-किरण चित्रात हृदय आणि मोठ्या शिरा नेहमीपेक्षा लहान दिसणे आणि सोनोग्राफीत अधिवृक्क ग्रंथी पातळ दिसणे, हेही त्याच उणिवांच्या मालिकेतले दुवे आहेत.

सर्वांत परिचित खूण क्षारांची आहे. निरोगी कुत्र्याच्या रक्तात सोडियम आणि पोटॅशियम यांचे परस्पर प्रमाण साधारण २७ ते ४० या दरम्यान असते. सोडियम घटून पोटॅशियम वाढले की ते २७ च्या खाली येते आणि जितके अधिक खाली जाईल तितका संशय बळावतो. तरीही केवळ या आकड्यावर निदान करणे धोक्याचे आहे. मूत्रमार्ग तुंबणे, मूत्रपिंडांचे खरे आजार, छातीत किंवा पोटात पाणी साचणे, तसेच मोठ्या आतड्यात राहणाऱ्या व्हिपवर्म या चाबकासारख्या जंतांमुळे होणारे जुलाब, यांतही हे प्रमाण घसरते. इतकेच नव्हे, तर रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेले पोटॅशियमयुक्त रसायन चुकून नमुन्यात मिसळले तरी आकडा फसवा येतो. याउलट, ज्यांच्या रक्तातील क्षार पूर्णपणे सामान्य असतात असेही काही रुग्ण असतात. या प्रकाराला असामान्य ॲडिसन म्हणतात. त्यात दीर्घकाळ रेंगाळणारे पोटाचे विकार, रक्तात अल्ब्युमिन आणि कोलेस्टेरॉल कमी असणे आणि कधी रक्तातील साखर घसरणे एवढेच हाती लागते. क्षार सामान्य आहेत म्हणून ॲडिसनचा विचार सोडून दिला, तर हे कुत्रे वर्षानुवर्षे आतड्यांच्या आजारावरचीच औषधे घेत राहतात.

संशय आला की पुढची पायरी सोपी आणि तुलनेने स्वस्त आहे. एका नमुन्यातून रक्तातील कॉर्टिसोल मोजता येते आणि ते प्रति डेसीलिटर २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर ॲडिसनचा आजार जवळजवळ निश्चितपणे बाद करता येतो. मात्र ते २ पेक्षा कमी असले म्हणून आजार सिद्ध होत नाही, कारण निरोगी किंवा दुसऱ्याच आजाराने ग्रासलेल्या काही कुत्र्यांतही कॉर्टिसोल एखाद्या वेळी इतके खाली असते. ही चाचणी आजार नाकारण्यासाठी आहे; तो सिद्ध करण्यासाठी एसीटीएच उद्दीपन चाचणीच करावी लागते. तिच्यात प्रथम एक रक्तनमुना घेतात, मग कृत्रिमरीत्या बनवलेले एसीटीएच, सामान्यतः दर किलो वजनामागे ५ मायक्रोग्रॅम, शिरेतून देतात आणि एका तासाने दुसरा नमुना घेतात. निरोगी ग्रंथी या आदेशाला भरघोस कॉर्टिसोल सोडून उत्तर देते. दोन्ही नमुन्यांत कॉर्टिसोल २ मायक्रोग्रॅमच्या खालीच राहिले, तर ग्रंथी उत्तर देऊ शकत नाही हे सिद्ध होते.

या चाचणीच्या निष्कर्षाला सर्वांत मोठा धोका आधीच दिलेल्या स्टेरॉइडचा असतो. प्रेडनिसोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोन ही औषधे प्रयोगशाळेतील मोजणीत कॉर्टिसोल म्हणूनच गणली जाऊ शकतात आणि आकडा खोटा वाढवतात. शिवाय खाजेसाठी किंवा कानाच्या तक्रारीसाठी आठवडेच्या आठवडे दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शने, कधी कधी मलमे आणि कानातले थेंबसुद्धा पीयूषिकेला गप्प बसवतात आणि वापरात नसलेली अधिवृक्क ग्रंथी आक्रसते. अशी औषधे अचानक थांबवली तर कॉर्टिसोलची खरी टंचाई निर्माण होते, जरी ग्रंथीचा कायमचा नाश झालेला नसतो. म्हणून कुत्र्याला गेल्या काही महिन्यांत दिलेल्या प्रत्येक औषधाची माहिती पशुवैद्यकाला देणे हा निदानाचाच भाग ठरतो. दोष ग्रंथीत आहे की पीयूषिकेत, हे रक्तातील एसीटीएच मोजून कळते; ग्रंथी निकामी असेल तर ते खूप वाढलेले असते, पीयूषिकाच मंद असेल तर ते घटलेले असते. हा नमुना उद्दीपन चाचणीचे इंजेक्शन देण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

कुत्रा कोसळलेल्या अवस्थेत आला असेल, तर अहवालाची वाट पाहत उपचार लांबवता येत नाहीत आणि सुदैवाने तशी गरजही नसते. शिरेतून सलाईन सुरू करणे हाच जीव वाचवणारा पहिला उपाय आहे. हृदयाची गती धोकादायक झाली असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन देतात आणि त्याच तासाभरात चाचणीचे दोन्ही नमुनेही घेऊन होतात. त्यापूर्वी स्टेरॉइड देणे अटळच असेल, तर डेक्सामेथासोन निवडतात, कारण ते मोजणीत कॉर्टिसोल म्हणून धरले जात नाही. दीर्घकाळ कमी राहिलेले सोडियम फार झपाट्याने वर आणले तर मेंदूतील चेतातंतूंच्या आवरणाला इजा होऊ शकते, याचेही भान सलाईन देताना राखावे लागते.

एकदा निदान पक्के झाले की जे संप्रेरक शरीर बनवत नाही ते बाहेरून पुरवायचे असते. अल्डोस्टेरॉनची जागा साधारण महिन्यातून एकदा द्यायचे डीओसीपी हे इंजेक्शन किंवा फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या रोजच्या गोळ्या घेतात. कॉर्टिसोलऐवजी प्रेडनिसोलोनची अगदी लहान मात्रा रोज पुरते आणि प्रवास, शस्त्रक्रिया किंवा फटाक्यांच्या दिवसांत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती वाढवतात. हे उपचार जन्मभर चालतात आणि क्षारांची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते; पण नीट सांभाळलेला कुत्रा इतर कुत्र्यांइतकेच आणि तितक्याच आनंदाचे आयुष्य जगतो. पशुवैद्यकातील फार थोड्या जीवघेण्या आजारांबद्दल असे ठामपणे म्हणता येते, आणि म्हणूनच हा आजार केवळ आठवला नाही म्हणून कुत्रा दगावणे अधिक क्लेशकारक आहे.

या आजाराच्या निदानासाठी लागणारी साधने सर्वसामान्य आहेत. घरच्यांनी आजारपणाच्या तारखा, त्याआधी घडलेले ताणाचे प्रसंग आणि दिलेली औषधे लिहून ठेवावीत. पशुवैद्यकाने रक्त-अहवालात वाढलेल्या आकड्यांबरोबरच बदलायला हवे होते पण बदलले नाहीत अशा आकड्यांकडेही पाहावे. आणि नेमके कारण न कळता केवळ सलाईनने सावरलेला कुत्रा दुसऱ्यांदा त्याच तक्रारीने दवाखान्यात आला, तर कॉर्टिसोल मोजल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.