टाचेतला थेंब आणि सिंगापूरची दमट हवा

सिंगापूरला संसार थाटला की मराठी घरातून सगळ्यात आधी हद्दपार होते ते वाळवण. पापड, कुरडया, सांडगे भारतातून येताना बॅगेत भरून आणायचे. इथल्या गॅलरीत घालण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. ऊन भरपूर आहे, पण हवेतच पाणी आहे. पहाटे आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर जाते आणि दुपारी उतरली तरी साठच्या आसपास राहते. तरीही एक वाळवण इथे रोज घातले जाते, आणि तेही इस्पितळात. नवजात बाळाच्या टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबांचे! आपल्या कितीतरी मुलांचे असे कागद इथे तपासले गेले असतील. त्या कागदाचा पुढचा प्रवास आपल्याला ठाऊक असावा, म्हणून हा लेखप्रपंच.

रक्त कागदावर वाळवून तपासायची कल्पना जुनी आहे. स्वीडनमधल्या लुंड येथे इव्हार बांग यांनी १९१३ साली कागदावर टिपलेल्या थेंबातून रक्तातली साखर मोजली होती. पण ती घरोघरच्या बाळांपर्यंत पोहोचवली अमेरिकेच्या डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी. फेनिलकीटोन्यूरिया या आजारात अन्नातला एक घटक शरीराला पचवता येत नाही आणि मेंदूची वाढ खुंटते. वेळीच कळले तर नुसत्या पथ्याने मूल सुधृढ वाढते. गथ्रींच्या स्वतःच्या मुलाला मतिमंदत्व होते आणि त्यांच्या भाचीला हाच आजार निघाला होता. त्यांनी १९६३ साली वाळलेल्या थेंबावरची सोपी चाचणी प्रसिद्ध केली, आणि टाचेतला थेंब टपालाने प्रयोगशाळेत जाऊ लागला.

सिंगापूरमध्ये के. के. महिला व बाल रुग्णालयात २००६ साली विस्तारित नवजात तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जन्मानंतर साधारण चोवीस ते बहात्तर तासांत पालकांच्या संमतीने थेंब घेतात, आणि टॅन्डेम मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र त्याच कागदातून चयापचयाचे वीसहून अधिक आजार चाळून काढते. २०१९ साली त्यात आणखी काही आजारांची भर पडली.

आम्ही पेशाने इंजिनीअर, डॉक्टर नव्हे. त्यामुळे आम्हाला कुतूहल वाटले ते कागदाचे. दिसायला टिपकागद, पण तो शुद्ध कापसाच्या तंतूंचा, ठरावीक जाडीचा आणि ठरावीक शोषणशक्तीचा असतो. प्रयोगशाळेत त्यातून साधारण ३.२ मिलिमीटर व्यासाची टिकली पाडतात. तिच्यात जेमतेम तीन मायक्रोलिटर रक्त असते. रक्त वेगळे मोजायचे नाही. कागद हेच माप. म्हणून छापील वर्तुळ एकाच मोठ्या थेंबाने, एकाच बाजूने भरायचे असते. थेंबावर थेंब दिला तर टिकलीत रक्त जास्त येते आणि हिशेब चुकतो. नर्सबाई बाळ रडत असतानाही थेंब पुरेसा मोठा व्हायची वाट पाहतात, ती यासाठी. त्या वेळी आईबापांनी घाई करू नये.

यानंतर खरे वाळवण सुरू होते. कागद आडवा, अधांतरी ठेवून खोलीच्या तापमानाला निदान तीन-चार तास वाळवतात. उभा धरला तर रक्त एका कडेला ओघळते. एकावर एक ठेवले तर एका बाळाचे रक्त दुसऱ्याच्या कागदाला लागते. उन्हात किंवा गरम हवेच्या झोतात ठेवायचे नाही, कारण उष्णतेने प्रथिने बिघडतात आणि रक्त कागदाला असे चिकटते की पुढे सुटून येत नाही. घाईने दडपून वाळवणे हा मार्ग इथे चालत नाही.

वाळला म्हणजे काम झाले असेही नाही. सुकलेल्या रक्तात पाणी नसल्यामुळे जंतू वाढत नाहीत आणि रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात, हीच तर या पद्धतीची सगळी युक्ती. पण कागद हवेतली ओल परत शोषतो. कुरकुरीत पापड उघड्यावर राहिला की सादळतो, तसेच. प्रयोगांतून असे दिसले आहे की नुसत्या उष्णतेपेक्षा उष्णता आणि दमटपणा यांची जोडगोळी जास्त घातक ठरते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यातल्या वाचकांना पुढचा भाग ओळखीचा वाटेल. आपल्याकडे चिप्स जशा ओल न शिरणाऱ्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह येतात आणि सोबत निळ्याचे गुलाबी होणारे आर्द्रतादर्शक कार्ड असते, तशीच व्यवस्था रक्ताच्या कागदांना साठवताना करतात. दीर्घ काळ ठेवायचे तर उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये. मात्र एक मोठा फरक आहे. सादळलेली चिप १२५ अंशांच्या भट्टीत घालून पुन्हा कोरडी करता येते. रक्ताला दुसरी संधी नाही. आणि अर्धवट ओला कागद प्लास्टिकमध्ये बंद केला तर ओल आतच कोंडते. त्यापेक्षा पूर्ण वाळवून साध्या कागदी लिफाफ्यात त्याच दिवशी पाठवलेला बरा.

आता या ओलीने बिघडते काय? सिंगापूरने २०१९ मध्ये जे आजार वाढवले त्यांत गॅलॅक्टोसेमिया आणि बायोटिनिडेजची कमतरता हे दोन आहेत. ते शोधताना रक्तातल्या एन्झाइमची कार्यक्षमता पाहतात, आणि एन्झाइम ही फार नाजूक जात. कागद सादळला की ती मंदावते, आणि धडधाकट बाळ यंत्राला आजारी वाटते. मग फोन येतो, पुन्हा टाच टोचायची, आणि अहवाल येईपर्यंत आईच्या डोळ्याला डोळा नाही. काही आजारांत एखादा पदार्थ वाढलेला दिसला तरच शंका येते. तो पदार्थच विरून गेला तर आजारी बाळ चाळणीतून निसटण्याची भीती. मेपल सिरप युरिन डिसीजसारख्या आजारात तर पहिल्या आठवड्यातच बाळ अत्यवस्थ होऊ शकते. तिथे एकेक दिवस मोलाचा.

सिंगापुरात अंतरे लहान, शत्रू एकच, तो म्हणजे दमटपणा. आपल्या देशी अंतराचा प्रश्नही आहे. तिथे या कागदाने मोठे काम केले आहे. २०१० पासून नॅकोच्या कार्यक्रमात एचआयव्हीबाधित मातांच्या दीड महिन्याच्या बाळांचे वाळलेले थेंब ठरावीक प्रयोगशाळांकडे पाठवले जाऊ लागले. भोसरीची 'नारी', म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, ही त्यांतली एक होती. बर्फाचा डबा लागत नाही, बाटली फुटत नाही. नीट वाळवलेले थेंब विमानवाहतुकीच्या धोकादायक मालाच्या नियमांतूनही वगळले आहेत. पण मे महिन्यात नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीत पाकीट राहिले, तर कागदही काय करणार?

हे सगळे आपल्या घराशी येऊन भिडते ते माहेरच्या बाळंतपणात. आपल्यातल्या कितीतरी मुली पहिलटकरीण म्हणून पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला जातात. इथे तपासणीचे विचारले जाते. तिथे प्रत्येक दवाखान्यात ती होतेच असे नाही. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर ती सुरू केली खरी, पण महाराष्ट्रात अजून ती सरसकट झालेली नाही. तेव्हा सातव्या महिन्यातच डॉक्टरांना चार प्रश्न विचारून ठेवावेत. टाचेच्या थेंबाची तपासणी करता का? कागद कुठल्या प्रयोगशाळेत जातो? रोज जातो, की आठवड्याचे साठवून? आणि अहवाल किती दिवसांत येतो? दिवाळीच्या किंवा इतर सलग सुट्ट्या मध्ये येत असतील तर तेही आधी बोलून घ्यावे.

आणि शेवटची, अगदी साधी गोष्ट. कागदावर फोन नंबर लिहिताना नुसता सिंगापूरचा देऊ नका, माहेरचाही द्या. सगळे काही नीट वाळले, वेळेवर पोहोचले, आजारही सापडला, आणि फोन मात्र इथल्या बंद घरात वाजत राहिला, असे होऊ नये.