ग्लोब पाहिलेत, आता कब्रस्तानही पाहा

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, बँकसाइड भागात, गवताने शाकारलेले एक गोलाकार लाकडी नाट्यगृह आहे. हे शेक्सपिअरचे ग्लोब. दिसायला जुने, पण लोकांसाठी खुले झाले १९९७ मध्ये.

मूळ ग्लोब १५९९ चे. १६१३ मध्ये नाटक चालू असताना तोफेचा बार काढला, ठिणगी छपरावर पडली आणि सारे जळून गेले. वर्षभरात ते पुन्हा उभे राहिले. पण १६४२ मध्ये पार्लमेंटने नाट्यगृहे बंद केली आणि पुढे ते पाडले गेले. १९४९ मध्ये अमेरिकन नट सॅम वॅनामेकर ते शोधत आले, तेव्हा बिअरच्या कारखान्याच्या भिंतीवरची एक पाटी तेवढी सापडली. त्यांनी आयुष्य या कामाला दिले. उद्घाटनापूर्वीच, १९९३ मध्ये ते वारले. ओक लाकूड जुन्या पद्धतीने खुंट्यांनी जोडलेले आहे. मधले अंगण उघडेच. पूर्वी तिथे एका पेनीत उभे राहून नाटक पाहता येई; आजही स्वस्त तिकीट उभ्याचेच.

नाट्यगृह नदीपलीकडे का? लंडन शहराच्या कारभाऱ्यांना नाटके नको होती आणि या काठावर त्यांचा हुकूम चालत नसे. इथला बराच भाग विंचेस्टरच्या बिशपच्या ताब्यात होता. अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ, दारूचे गुत्ते आणि कुंटणखाने इथेच चालत. कुंटणखान्यांना बिशपच्या हद्दीत परवानगी होती, त्यांचे भाडेही घेतले जाई. मात्र त्या स्त्रिया मेल्या की चर्चच्या दफनभूमीत त्यांना जागा नसे, असे परंपरेने सांगितले जाते.

त्यांचे म्हणून ओळखले जाणारे क्रॉसबोन्स कब्रस्तान ग्लोबपासून दहा-बारा मिनिटांच्या चालीवर आहे. पुढे तिथे गोरगरिबांना दफन करू लागले. जागा उरली नाही म्हणून १८५३ मध्ये ते बंद झाले. सुमारे पंधरा हजार माणसे तिथे असावीत, असा अंदाज आहे. १९९० च्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामाआधी झालेल्या उत्खननात १४८ सांगाडे काढले. त्यांत निम्म्याहून अधिक लहान मुलांचे होते.

नाट्यगृहासाठी देशोदेशींचा पैसा आला. कब्रस्तानाच्या लोखंडी फाटकावर सामान्य लोक रिबिनी आणि फुले बांधतात. ज्यांच्याकडून भाडे घेतले त्यांना मूठभर मातीही नाकारणारा समाज कसा असतो, हे ग्लोबच्या रंगमंचावर कळत नाही. त्या फाटकापाशी कळते. मुलांना लंडन दाखवायला नेलेत, तर ती दहा मिनिटे जरूर चाला.