हात आपले, शब्द त्यांचे

साइन लँग्वेज इंटरप्रिटरसाठी सगळ्यात अवघड काय असेल? कठीण शब्द? स्पीड? मुंबईतल्या एका सीनियर इंटरप्रिटर ताईंचं उत्तर ऐकून मी चाटच पडले. त्या म्हणाल्या, 'गप्प बसणं!'

सध्या त्यांच्या हाताखाली एक ट्रेनी शिकतेय. वय एकवीस, उत्साह दुथडी भरून वाहणारा. (नावं छापायची नाहीत, या कामात गोपनीयता पहिली.) डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला की ही पदरच्या तीन खुणा जोडणार. म्हणून ताईंनी बेसिकपासून सुरुवात केली. कपडे प्लेन आणि त्वचेपेक्षा वेगळ्या रंगाचे, म्हणजे हात नीट दिसतात. बसायचं बोलणाऱ्याच्या शेजारी. आणि बोलायचं 'मी' म्हणूनच. पेशंटनं पोट दुखतंय अशी खूण केली, तर 'याचं पोट दुखतंय' नाही, 'माझं पोट दुखतंय'.

चेहऱ्यालाही व्याकरण असतं बरं का! भारतीय सांकेतिक भाषेत भुवया उंचावल्या की साध्या वाक्याचा हो-नाहीचा प्रश्न होतो. 'काय', 'कुठे' हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. आपली ट्रेनी जोशात प्रत्येक वाक्याला भुवया उडवायची आणि समोरचा बिचारा उत्तरं देत बसायचा.

खरा धडा मात्र एका जॉब इंटरव्ह्यूत मिळाला. उमेदवार कर्णबधिर, तिच्याच वयाचा. साहेबांनी विचारलं, 'एक्सेल येतं?' त्यानं खूण केली, थोडं येतं. ट्रेनीच्या तोंडून निघालं, 'हो, छान येतं!' साहेब खूश. 'थोडं'वर एवढं हसू? मुलाला शंका आली. हिनं काय सांगितलं, असं त्यानं ताईंनाच विचारलं. ताईंनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली, 'सर, चूक इंटरप्रिटरची आहे. त्यांचं उत्तर, थोडं येतं.' मग साहेबांनी त्याला कॉम्प्युटरवर बसवलं. जेवढं येत होतं, तेवढं त्यानं करून दाखवलं.

बाहेर चहाच्या टपरीवर ट्रेनी रडवेली. 'ताई, मी मदतच करत होते ना?'

'त्यानं मागितली होती? आणि नोकरी लागली असती, तर सोमवारी त्याच्या खुर्चीत तू बसणार होतीस?'

मला वाटतं, हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच लागू पडतो. दुसऱ्याचं भलं करायच्या नादात आपण त्याच्या वतीनं बोलून मोकळे होतो. 'थोडं येतं' असं खरं सांगण्याचा हक्कही त्याचाच असतो.

२०११च्या जनगणनेनुसार देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक आहेत. २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी इंटरप्रिटरसोबत सुप्रीम कोर्टाच्या सुनावणीत भाग घेतला. म्हणजे कॉलेज, बँक, हॉस्पिटल, कोर्ट, सगळीकडे हे काम लागणार आहे. इंटरेस्ट असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत बारावीनंतर इंटरप्रिटरचा डिप्लोमा करता येतो.

ट्रेनी अजून तितकीच उत्साही आहे. फक्त आता समोरच्याचे हात थांबेपर्यंत थांबते. अर्थ कळला नाही, तर अंदाज न बांधता पुन्हा विचारते.

आणि हो, तुमच्या वर्गात कर्णबधिर मित्र असेल, तर बोलताना इंटरप्रिटरकडे नाही, त्याच्याकडे बघा. गप्पा त्याच्याशी चालल्यात ना!