रोजचे पेच (लेखांक 9) : ‘पेशंटला काही सांगू नका’

मागचा लेख उसन्या पैशांवर होता. त्यावर आलेल्या पत्रांतलं एक पैशांबद्दल नव्हतंच. लिहिणारीच्या सासऱ्यांना अन्ननलिकेचा कर्करोग निघालाय. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, शेजारी ठाऊक आहे, भेटायला आलेल्या मावशींना तर दारात चपला काढतानाच सांगून झालं. सासऱ्यांना मात्र ‘घशाला सूज आहे’ एवढंच. ‘आम्ही चुकतोय का?’ असं तिनं विचारलंय.

या प्रश्नाला मी बरीच वर्षं टाळत आले, कारण आमच्याही घरात हेच झालं.

माझी आत्या साताऱ्याकडची, चौथीपर्यंत शिकलेली. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला त्या दिवशी काका तिला बाकावर बसवून आधी एकटेच डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, ‘पेशंटला काही सांगू नका.’ डॉक्टरांनी मान डोलावली. त्या दिवसापासून केमोला आम्ही ‘सलाईन’ म्हणू लागलो आणि रेडिएशनला ‘शेक’. केस गेले तेव्हा ‘औषधं उष्ण पडली’ म्हणून सांगितलं. गोळ्यांच्या पाकिटांवर नाव छापलेलं असायचं. आत्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तिच्या नातवाला येत होतं. म्हणून रात्री बसून मी एकेक गोळी सोलून काढायचे आणि बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या बाटलीत भरायचे. आपण तिला जपतोय असंच तेव्हा वाटायचं.

एका दुपारी डबा घेऊन वॉर्डात शिरत होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी आत्याला विचारलं, ‘तुमची ही कितवी केमो?’ आत्या म्हणाली, ‘चौथी.’ मग मला पाहिलं आणि म्हणाली, ‘आलीस? आज सलाईन लवकर संपलं बघ.’

तिला सगळं माहीत होतं. आपल्याला कळलंय हे आम्हाला कळू नये, म्हणून ती आम्हाला सांभाळत होती. त्यानंतर ती पाच महिने जगली. धाकट्या मुलीचं लग्न, जमिनीचा तुकडा कुणाच्या नावावर करायचा, भावाशी दहा वर्षं धरलेला अबोला, यातलं काहीही ती आमच्यापाशी बोलू शकली नाही. विषय काढला की आमच्यातलंच कुणीतरी म्हणायचं, ‘आधी बरी तर हो.’

‘खचून जाईल’ हे आपलं नेहमीचं कारण. ते अगदीच पोकळ नाही, अशा बातमीनं माणूस हादरतोच. पण त्याच्याआड दुसरं एक कारण असतं आणि ते आपण बोलत नाही: सांगायचं धाडस आपल्यात नसतं, त्याच्या डोळ्यांतलं पाणी आपल्याला बघवणार नसतं. मी गोळ्या सोलत होते त्या निम्म्या तरी माझ्यासाठी होत्या.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ 2004 साली आला, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा. त्याचा गाभा हाच पेच आहे. लहानग्या परशुरामच्या डोळ्यांना कर्करोग झालाय. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, दिसणं कायमचं जाणार. शस्त्रक्रियेआधी मुलाला हे सांगितलंच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेवटी आजोबा नातवाला घेऊन इस्पितळातून नाहीसे होतात आणि दिवसभर त्याला शहर दाखवून आणतात. पाहून घेण्यासारखं जे जे आहे, ते दिसतंय तोवर पाहून घे म्हणून. उरलेला दिवस त्या पोराचा होता आणि आजोबांनी तो त्याला दिला. आत्याचे पाच महिने आम्ही तिला दिले नाहीत.

लुलू वांग यांचा ‘द फेअरवेल’ (2019) उलट बाजूनं बोलतो. चीनमधल्या आजीला फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि सगळं कुटुंब तिच्यापासून तो लपवतं. निरोप घेता यावा म्हणून नातवाच्या लग्नाचा घाट घालून परदेशातली माणसंही गोळा करतं. दुःखाचा भार आजीवर नको, तो आम्ही वाहू, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट दिग्दर्शिकेच्या घरातली, आणि खरी आजी पुढेही कित्येक वर्षं जगली. हे पाहून ‘बघा, लपवलं म्हणून जगली’ असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ती जगली याचा आनंदच आहे. पण एक माणूस अनेक वर्षं जगला, यावरून लपवण्याचा नियम होत नाही.

‘सांगून टाकणं ही पाश्चात्त्यांची पद्धत, आपली नव्हे,’ असंही ऐकू येतं. 1961 साली अमेरिकेत डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका रुग्णालयातल्या 219 डॉक्टरांना विचारलं, तेव्हा दहातले जवळजवळ नऊ म्हणाले, आम्ही कर्करोग्याला सहसा सांगत नाही. 1979 मध्ये अमेरिकेतल्याच डॉक्टरांच्या दुसऱ्या एका पाहणीत 97 टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत पारडं फिरलं. मधल्या काळात उपचार सुधारले, रुग्णाच्या हक्कांची भाषा आली. म्हणजे लपवणंही कुणाच्या रक्तात नव्हतं.

आपल्याकडे कायदा तरी कुठे वेगळं सांगतो? एका रुग्णाला भूल दिलेली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही: रुग्ण सज्ञान होती, जिवावर बेतलेलं नव्हतं, निर्णय तिचाच होता. शेवटच्या आजारपणात कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याच्या इच्छापत्राला न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. पण आपल्याला काय झालंय हेच ज्याला माहीत नाही, तो ते कशाच्या जोरावर लिहिणार?

पत्र लिहिणाऱ्या ताई, म्हणून सासऱ्यांना आज संध्याकाळी समोर बसवून सगळा रिपोर्ट वाचून दाखवा, असं मी म्हणणार नाही. काहींना खरोखरच जाणून घ्यायचं नसतं आणि तोही त्यांचा हक्क आहे. पण ते त्यांनी ठरवायचं. ‘बाबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी? की डॉक्टरांनी आमच्याशीच बोलावं?’ एवढं विचारून थांबा. ते गप्प बसले तर त्यांना गप्प बसू द्या, चार दिवसांनी पुन्हा विचारा. कदाचित त्यांना बरंच ठाऊक असेल आणि ते तुमची वाट पाहत असतील.

आत्या गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, सगळे धडधाकट असताना, मी चहाच्या वेळी वडिलांना हे विचारलं. ते पटकन म्हणाले, ‘आधी मला सांगायचं. तुझ्या आईला काय सांगायचं ते मी बघेन.’

आई ओट्यापाशी भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘आणि मला झालं तर? ते कोणी विचारलंच नाही.’

मग तिलाही विचारलं. हातातली मेथीची जुडी खाली ठेवून ती जरा वेळ थांबली. म्हणाली, ‘किती दिवस उरलेत, ते सांगू नकोस. पण काय झालंय ते सांग. आणि गोळ्या पाकिटातच राहू देत.’