आरोग्यसेवा, प्राथमिक : सुलभतेचे अर्थशास्त्र

गरजू व्यक्तीस आजाराच्या पहिल्या टप्प्यावर, परवडेल अशा खर्चात व घरापासून वाजवी अंतरावर उपचार मिळण्याची शक्यता म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवेची सुलभता होय. या सुलभतेचे मोजमाप, तिच्या आड येणारे खर्च आणि ते कमी करण्याचे उपाय यांचा अभ्यास ही आरोग्य-अर्थशास्त्राची एक महत्त्वाची शाखा आहे. गावात दवाखान्याची इमारत असणे आणि रुग्णास सेवा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या अभ्यासाचा मूळ सिद्धांत होय.

पार्श्वभूमी : केनेथ अ‍ॅरो (१९२१–२०१७) या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या बाजारपेठेचे वेगळेपण दाखवून दिले. आजार केव्हा येईल हे अनिश्चित असते आणि कोणता उपचार आवश्यक आहे याचे ज्ञान रुग्णापेक्षा वैद्याकडेच अधिक असते. त्यामुळे मागणी-पुरवठ्याचा सर्वसाधारण नियम येथे पुरा पडत नाही. ब्रिटिश वैद्य ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘व्यस्त सेवानियम’ मांडला : जेथे गरज सर्वाधिक, तेथेच चांगली सेवा सर्वांत कमी उपलब्ध असते. पुढे १९८१ मध्ये पेंचान्स्की व टॉमस यांनी सुलभतेचे उपलब्धता, अंतर, सोयीस्करता, परवड आणि स्वीकारार्हता असे पाच घटक सांगितले.

भारतात भोर समितीने १९४६ मध्ये, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व मांडले. १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रांची उभारणी सुरू झाली. प्रचलित निकषानुसार सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ५,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र अपेक्षित असते. डोंगराळ व आदिवासी भागांत हे आकडे अनुक्रमे २०,००० व ३,००० आहेत.

जालना जिल्ह्याचे उदाहरण : १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचे काही तालुके व परभणी जिल्ह्यातील परतूर मिळून हा जिल्हा अस्तित्वात आला. क्षेत्रफळ सु. ७,७१८ चौ. किमी.; लोकसंख्या १९,५९,०४६ (२०११); पैकी सु. चार-पंचमांश, म्हणजे सु. १५·८ लाख लोक ग्रामीण. निकष पूर्णपणे पाळला, तर जिल्ह्यात सु. ५३ प्राथमिक आरोग्य केंद्रे असावयास हवीत. तरीही प्रत्येक केंद्राच्या वाट्यास सरासरी १४६ चौ. किमी. क्षेत्र येते. केंद्र मध्यभागी आहे असे मानले, तरी सीमेवरील गाव सरळ रेषेत सु. ७ किमी. दूर राहते व रस्त्याने हे अंतर आणखी वाढते. उपकेंद्रांच्या बाबतीत हेच अंतर सु. ३ किमी. होते. लोकसंख्येचा निकष हा अंतराचा निकष नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. विरळ वस्तीच्या कोरडवाहू तालुक्यांवर त्याचा भार अधिक पडतो.

मोफत सेवेची किंमत : महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा निःशुल्क केल्या. तथापि रुग्णाच्या दृष्टीने शुल्क हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो. समजा, एका शेतमजूर स्त्रीस ताप आला असून तिची व सोबतच्या माणसाची रोजची मजुरी प्रत्येकी ३०० रु. आणि दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे ८० रु. आहे. दिवस मोडल्यास केंद्रातील मोफत उपचार तिला ६८० रु. ना पडतो. उलट, संध्याकाळी गावातच बसणाऱ्या खासगी डॉक्टरने २०० रु. घेतले, तरी तो उपचार स्वस्त ठरतो. केंद्रात डॉक्टर नसल्यास किंवा औषध संपलेले असल्यास दुसरी खेप पडते व हिशेब आणखी बिघडतो. म्हणून लोक सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवतात, याचे कारण अज्ञानात शोधणे बहुधा चुकीचे असते. मधुमेह, रक्तदाब, क्षय यांसारख्या दीर्घ आजारांत असा खर्च महिनोन्‌महिने करावा लागतो व उपचार अर्धवट सुटतात.

जालना व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर हा आणखी एक अडसर आहे. सु. पाच-सहा महिने कुटुंब फडावर असते. नोंद मात्र गावच्या केंद्रात राहते. परिणामी गरोदर स्त्रियांची तपासणी व बालकांचे लसीकरण यांत खंड पडतो.

महाराष्ट्रातील संशोधन : घरगुती आरोग्यखर्चाचा एक प्रारंभीचा पद्धतशीर अभ्यास रवी दुग्गल व सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यात केला. ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेने तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतांश रुग्ण खासगी वैद्यांकडे जातात आणि खर्चाचा मोठा भाग कुटुंबेच सोसतात, हे त्यातून पुढे आले. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजताना आरोग्यसेवेचाही विचार केला. मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा त्यामुळे आकड्यांच्या पायावर आली.

पर्यायी मार्गांचे दोन प्रयोग उल्लेखनीय आहेत. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व मेबल आरोळे (१९३५–९९) या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू करून गावातीलच, अनेकदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बालकांच्या शुश्रूषेचा प्रयोग केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युमान तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. दोन्ही प्रयोगांत रुग्णाने सेवेकडे जाण्याऐवजी सेवा रुग्णाच्या दारी गेली. अंतर व बुडणारी मजुरी हे दोन्ही खर्च त्यामुळे टळले. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ कार्यकर्तीची कल्पना याच परंपरेतील होय.

वित्तव्यवस्था : राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार भारताच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३–१४ मध्ये ६४·२ टक्के होता, तो २०२१–२२ मध्ये ३९·४ टक्क्यांवर आला. याच काळात शासकीय आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १·१५ टक्क्यांवरून १·८४ टक्क्यांपर्यंत वाढला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत व २०१३ मध्ये राज्यभर सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (२०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांचा खर्च उचलते. मात्र घरगुती खर्चाचा मोठा भाग औषधे व बाह्यरुग्ण उपचार यांवर होत असल्याने विम्याने प्राथमिक सेवेची उणीव भरून निघत नाही. जालना येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे तज्ज्ञांची सेवा जिल्ह्यात वाढेल. परंतु भोकरदन वा मंठा तालुक्यातील खेड्यास तिचा लाभ जवळच्या उपकेंद्रातील नियमित हजेरी, औषधसाठा व वेळेवर मिळणारे वाहन यांवरच अवलंबून राहील.

मूल्यमापन : इमारती व पदे यांची संख्या हा सुलभतेचा अपुरा निर्देशक आहे. प्रत्यक्ष उघडा असलेला काळ, कर्मचाऱ्यांची उपस्थिती, औषधांची उपलब्धता, रुग्णाचा प्रवास व बुडालेली मजुरी यांची जिल्हावार नोंद ठेवल्यासच खर्च केलेल्या सार्वजनिक पैशाचे फळ तपासता येते. केंद्राच्या वेळा मजुरीच्या वेळेबाहेर ठेवणे, दीर्घ आजारांची औषधे एका खेपेस महिनाभराची देणे व स्थलांतरितांची नोंद जिल्ह्याबाहेरही ग्राह्य धरणे हे अल्पखर्चाचे उपाय या विश्लेषणातून निष्पन्न होतात.