चौकाबारा, पेन्सिल आणि मोबाईलवरचा खेळ

डिझाईनची पदवी घेतलेली मुलगी घरी येऊन म्हणाली, ‘मी मोबाईल गेमच्या कंपनीत नोकरी करणार,’ तर संकेश्वर-निपाणीकडच्या घरात पुढे काय होते हे वाचकांना सांगायला नकोच. आजोबा म्हणतात, ‘म्हणजे पत्त्यांचा क्लबच की गं!’ आई म्हणते, ‘धाकटा आधीच दिवसभर त्या मोबाईलमध्ये तोंड घालून बसलाय, त्यात आता तूही!’ वडील काही बोलत नाहीत. ते चार वर्षांच्या फीचा हिशेब मनात मांडत असतात. महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे असे संवाद माझ्या कानावर वरचेवर येतात. त्यातली काळजी खरी असते, माहिती मात्र बहुतेक वेळा ऐकीव असते.

आधी आजोबांची शंका घेऊ, कारण ती सगळ्यांत रास्त आहे. मोबाईलवर पैसे लावून रमी खेळणारे कर्जात बुडाल्याच्या बातम्या मराठी आणि कन्नड दोन्ही वर्तमानपत्रांत आपण वाचल्या आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वादच त्या कायद्याने बाजूला सारला. पण त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना आणि पैजेविना खेळायच्या खेळांना उत्तेजन देण्याचीही तरतूद आहे. तेव्हा मुलगी जाणार ती कंपनी यांपैकी कोणत्या जातीचे खेळ करते, एवढे घरच्यांनी जरूर विचारावे. जाहिराती दाखवून किंवा खेळातले पोशाख, रंग विकून चालणारा खेळ वेगळा आणि डावावर पैसे लावायला सांगणारा वेगळा. (लहान मुलांना ‘विकत घ्या, विकत घ्या’ म्हणून टोचत राहणारे खेळही मला फारसे सभ्य वाटत नाहीत, हे आपले जाता जाता.)

आता नकाशा पाहू. आपले संकेश्वर पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले आहे, आणि योगायोग असा की या धंद्यातली मोठी नावे त्याच महामार्गाच्या दोन टोकांना आहेत. दक्षिणेला बंगळूर. तिथे १९९७ मध्ये राजेश राव यांनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी काढली, तेव्हा भारतात खेळ तयार करणे हा व्यवसाय असतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी चित्रे आणि त्रिमितीय वस्तू करून देत ती वाढली आणि २०१९ मध्ये रॉकस्टार या जगप्रसिद्ध कंपनीने ती विकत घेतली. उत्तरेला पुणे. तिथे फ्रान्सच्या यूबीसॉफ्टचा स्टुडिओ आहे आणि २०२४ मध्ये ‘इंडस’ हा मोबाईलवरचा खेळ बाजारात आणणारी सुपरगेमिंगही आहे. जरा पुढे नवी मुंबईत गेमेशन, म्हणजे विकाश जयस्वाल यांची कंपनी. त्यांचा २०१६ सालचा ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत आपल्यापैकी कितीतरी घरांत खेळला गेला. दोन्ही टोकांकडे जाणारी बस आपल्याच गावावरून जाते.

डिझाईनवाल्या मुलांसाठी मला सगळ्यांत बोलके वाटते ते पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे उदाहरण. २०१७ मध्ये अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी हा स्टुडिओ काढला. राजी नावाची डोंबाऱ्याच्या खेळात काम करणारी मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, अशी त्यांच्या खेळाची गोष्ट. लोकांकडून वर्गणी गोळा करायचा पहिला प्रयत्न फसला, पण मंडळींनी काम सोडले नाही. २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या उत्तम खेळांच्या यादीत त्याला नामांकन मिळाले. आधी तो टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर आणि संगणकावर होता, पुढे नेटफ्लिक्समार्फत मोबाईलवरही आला.

या खेळाचे रूप पहाडी लघुचित्रांवरून आणि राजस्थानी वास्तूंवरून घेतले आहे, आणि कथेचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितले आहेत. सावल्यांच्या बाहुल्या म्हटल्यावर आपल्या भागातल्या माणसाचे कान टवकारायलाच हवेत. संकेश्वर-बांदा रस्त्याने आंबोली उतरून कुडाळकडे गेले की पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर मंडळींच्या चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या प्रसिद्ध आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. इकडे कोप्पळच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना तोगलु गोंबेयाटासाठी २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. एक कला मराठी मुलखातली, दुसरी कन्नड मुलखातली, आणि आपण मधोमध. आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने पिंगुळीला चार दिवस राहून वहीभर रेखाटने करून आणली, तर पुण्या-बंगळूरच्या मुलाखतीत त्या वहीला किंमत असेल. परदेशी खेळातला राक्षस बघून काढलेले राक्षस तिथे शेकड्यांनी येतात.

पण चित्र म्हणजे अर्धेच काम. ‘गेम डिझायनर’ म्हणजे चित्रे काढणारा, हा मोठा गैरसमज आहे. चित्रकार वेगळा, अ‍ॅनिमेटर वेगळा, पडद्यावरची बटणे आणि मांडणी ठरवणारा वेगळा, प्रोग्रॅमर वेगळा, चुका शोधणारा टेस्टर वेगळा. लहान कंपनीत एकच माणूस दोन-तीन टोप्या घालतो. खेळाचे नियम ठरवणारा तो गेम डिझायनर, आणि त्याचे काम समजून घ्यायला आपल्या आज्जीचा चौकाबारा पुरतो.

कन्नडमध्ये चौकाबारा, मराठीत चल्लस-आठ. पाच गुणिले पाच घरांचा पट, चार कवड्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चौका, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळते. कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर सोळा वेळा टाकल्यावर सरासरीने सहा वेळा दोन पडतात, चार-चार वेळा एक आणि तीन, चौका एकदा आणि आठही एकदाच. म्हणून तर आठ पडल्यावर पोरे ओरडतात! एका फेकीची सरासरी येते अडीच घरे. सोंगटीला बाहेरचा फेरा, आतला फेरा करून मधल्या घरात पोहोचायला चोवीस घरे चालावी लागतात, म्हणजे साधारण दहा फेकी. चार सोंगट्यांच्या चाळीस. चौघे खेळाडू असले तर दीडशेच्या आसपास फेकी, आणि सोंगट्या मारल्या गेल्या की हा आकडा आणखी वाढणार.

गौरीच्या दुपारी हे छान चालते. मोबाईलवर मात्र माणूस बसथांब्यावर उभा राहून पाचेक मिनिटे खेळतो. मग सोंगट्या चाराच्या दोन करायच्या का? ‘आधी एकाला मारल्याशिवाय आत जायचे नाही’ हा नियम ठेवायचा की काढायचा? काढला तर खेळातली भांडणेच गेली, म्हणजे गंमतच गेली. ठेवला तर डाव लांबतो. लुडो किंगमध्ये झटपट डावाची सोय आहे ती याच अडचणीपायी. असा एकेक नियम बदलून पाहणे, दहा जणांना खेळायला देणे, ते कुठे कंटाळतात ते त्यांच्या चेहऱ्यावरून टिपणे, आणि पुन्हा बदलणे, हे गेम डिझायनरचे रोजचे काम. पुठ्ठा आणि चिंचोके यांवर ते शिकता येते. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर एकोणिसाव्या शतकात नवनवे पट रचत बसायचे, तेही दुसरे काय करत होते?

चित्राच्या बाजूलाही अशीच बारकाई लागते. पुष्कळ पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, म्हणून सोंगट्यांना रंगाबरोबर वेगळा आकारही द्यावा लागतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याच्या १२० गोल पत्त्यांत अवतार ओळखायला रंगाबरोबर खुणाही आहेत, त्या बघाव्यात. अक्षरांचेही तेच. मराठीत वर वेलांट्या, खाली उकार. कन्नडमध्ये जोडाक्षराचा भाग खाली लोंबतो. इंग्रजीसाठी केलेल्या बटणात या दोन्ही लिप्या कापल्या जातात. मुंबईच्या एक टाईप या संस्थेने केलेला ‘बालू’ हा अक्षरसंच मोफत मिळतो; त्याच्या कन्नड भावाचे नाव ‘बालू तम्मा’. दोन्ही लिप्या घरातच वाचणाऱ्या आपल्या मुलांना ही अडचण दुसऱ्या कोणी दाखवून द्यावी लागत नाही. नोकरीच्या बाजारात हे भांडवल आहे, आणि आपण ते ‘धड ना मराठी, धड ना कन्नड’ म्हणून वाया घालवतो.

शिक्षणाचे म्हणाल, तर बारावी कोणत्याही शाखेतून केलेल्याला आयआयटी मुंबई घेत असलेली युसीड परीक्षा देता येते. पदवीनंतरची सीड परीक्षा, ती जी. डी. आर्ट केलेल्यांनाही एका वर्षाच्या कामाच्या अनुभवानंतर खुली आहे. कोल्हापूरला दळवीज किंवा कलानिकेतनमध्ये शिकणाऱ्या मुलांना हे ठाऊकच नसते. बंगळूरच्या एनआयडीत डिजिटल गेम डिझाईन या नावानेच एम. डेस. आहे, तिची प्रवेश परीक्षा स्वतंत्र असते. मुंबईत २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली. कर्नाटकाने या क्षेत्रासाठी देशातले पहिले धोरण २०१२ मध्येच आणले आणि २०२४ मध्ये तिसरे. महाराष्ट्राने आपले २०२५ मध्ये मंजूर केले. सहा महिन्यांत ‘हमखास नोकरी’ देणाऱ्या क्लासला लाखभर रुपये मोजण्याआधी मात्र तिथल्या मागच्या वर्षीच्या मुलांची कामे बघायला मागावीत. दाखवली नाहीत, तर चपला घालून परत यावे.

कारण कंपनी प्रमाणपत्र नंतर बघते, आधी कामाची वही बघते. ब्लेंडर आणि गोडो ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. जगभर दर वर्षी भरणाऱ्या ग्लोबल गेम जॅममध्ये दोन दिवसांत अनोळखी मंडळी मिळून एक खेळ पुरा करतात. तिथे केलेला वेडावाकडा पण पुरा खेळ अर्धवट राहिलेल्या भव्य खेळापेक्षा वहीत चांगला दिसतो.

वडिलांच्या हिशेबाबद्दलही खरे सांगितले पाहिजे. हे सरकारी नोकरीसारखे काम नाही. खेळ चालला नाही तर अख्खा गट घरी बसतो. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांत मोठी नोकरकपात झाली, आणि २०२५ च्या बंदीनंतर पैशांचे खेळ चालवणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांनीही माणसे कमी केली. पण पडद्याची मांडणी करता येणाऱ्या मुलीला बँकेच्या अ‍ॅपचे किंवा शाळेच्या पुस्तकाचेही काम मिळते. पदवी फुकट जात नाही, हे घरात आधीच बोलून ठेवलेले बरे.

पहिला खेळ स्वतःच प्रसिद्ध करायचा असेल तर गूगल प्लेवर नाव नोंदवायला एकदाच २५ डॉलर लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला आणखी एक अट आहे : खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान बारा माणसांनी सलग चौदा दिवस त्याच्या चाचणीत राहिले पाहिजे. शहरात एकट्या राहणाऱ्या मुलांना ही बारा माणसे जमवताना घाम फुटतो. आपल्याकडे कोल्हापूरचे मामा, गोकाकची अत्ते, शेजारच्या दोन वैनी आणि दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसणारा धाकटा, एवढे धरूनच यादी अर्ध्यावर येते. राहिलेल्यांत आजोबांचे नाव घालावे. खेळ कुठे अडतो ते तेच सगळ्यांत आधी सांगतील.