बाळंतिणीचा फोन

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात दिवस भरत आलेल्या 270 बायकांची संशोधकांनी नोंद केली आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना पुन्हा गाठलं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. भेटलेल्या बाळंतिणींपैकी 23 टक्के जणींना नैराश्य होतं. सहा महिन्यांनी पाहिलं, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणी अजून सावरलेल्या नव्हत्या. मला मात्र त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा जास्त अस्वस्थ करतो. ज्यांना नैराश्य आलं, त्यांतल्या 78 टक्के जणींच्या मनाची घालमेल बाळ पोटात असतानाच मोजता येण्याइतकी वाढलेली होती. म्हणजे त्या तपासणीला येत होत्या तेव्हाच हे दिसू शकत होतं. आपल्याकडे गरोदर बाईचं वजन होतं, रक्तदाब पाहतात, लोहाच्या गोळ्या देतात. झोप लागते का, रडू येतं का, घरी कुणी हात उगारतं का, हे विचारणं बहुतेक ठिकाणी कुणाच्याच कामात धरलेलं नसतं.

कारणंही त्या अभ्यासात स्पष्ट आहेत: पैशाची चणचण, नवऱ्याशी बेबनाव, मारहाण, पोटभर न मिळणारं अन्न. मुलगी झाली की मारहाणीचा आणि उपासमारीचा मनावरचा घाव आणखी खोल जात होता. मुलगा झाला तर तोच घाव थोडा हलका पडत होता. याला केवळ संप्रेरकांचा खेळ म्हणून बाजूला सारता येत नाही. भारतातल्या 38 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यातही सरासरी 22 टक्के, म्हणजे साधारण पाच बाळंतिणींत एक.

हे ओळखण्याचं साधन फार जुनं आणि फार स्वस्त आहे. 1987 मध्ये तयार झालेल्या एडिंबरा प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत आणि सगळे गेल्या सात दिवसांपुरते. हसण्यासारख्या गोष्टीवर हसू येतं का, उगाचच स्वतःला दोष देणं चालू आहे का, मन इतकं खिन्न आहे का की झोपही उडाली. दहावा प्रश्न स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचारांबद्दल आहे. पाच-दहा मिनिटांचं काम. पण हे प्रश्न ओपीडीच्या बाकावर, हातात केसपेपर घेऊन, शेजारी सासू बसलेली असताना विचारले, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘बरी आहे.’ आणि घरी विचारायचे तर घरापर्यंत जाणार कोण?

याचं सर्वांत ठोस उत्तर सीमेपलीकडून आलं. डॉ. आतिफ रहमान यांच्या गटाने पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात ‘लेडी हेल्थ वर्कर’ म्हणून काम करणाऱ्या, म्हणजे आपल्या आशाताईंच्या जागी असलेल्या बायकांना बोलण्यातून उपचार करायला शिकवलं. बाळंतपणाच्या आधीपासून बाळ दहा-अकरा महिन्यांचं होईपर्यंत 16 भेटी. मनात घर करून बसलेला घातक विचार ओळखायचा, त्याच्या जागी दुसरा आणून पाहायचा, आणि पुढच्या भेटीपर्यंत तो करून बघायचा. बोलणं आईच्या तब्येतीवरून सुरू होतं, मग बाळाशी तिच्या नात्यावर, मग घरातल्या माणसांवर येतं. बाळाचं वजन वाढावं असं सासूलाही वाटतं, त्यामुळे ‘बाळाच्या भल्यासाठी’ म्हटलं की दार उघडतं. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. सहा महिन्यांनी उपचाराच्या गटात 23 टक्के जणी नैराश्यात होत्या, तर नुसत्या नेहमीच्या गृहभेटी मिळालेल्या गटात 53 टक्के. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत सगळ्यांसाठी खुली केली.

पुढे गोव्यात ‘संगात’ या संस्थेने आणखी एक पायरी उतरून पाहिलं. आरोग्यसेविकाही नको, त्याच वस्तीतली, स्वतः मुलंबाळं असलेली, चार घरांत उठबस असणारी बाई. तिला नाव मिळालं सखी. 280 गरोदर बायकांचा हा प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी सखी मिळालेल्यांपैकी 73 टक्के जणी नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, न मिळालेल्यांपैकी 60 टक्के. लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. निकाल माफक आहे आणि तो माफकच म्हणून सांगायला हवा. पण एका शिकवलेल्या शेजारणीमुळे इतका फरक पडतो, त्याकडे आरोग्य खात्याने दुर्लक्ष करावं असं नाही.

मग फोन आला. सखी शिकवायची तर तिला शिकवणारा लागतो, त्याच्यावर देखरेख करणारा लागतो, आणि प्रत्येक सखी तेच तेवढंच सांगेल याची खात्री नसते. म्हणून पाकिस्तानातल्या गटाने उपचाराचा मुख्य भाग टॅबलेटवरच्या अ‍ॅपमध्ये घातला. पडद्यावरची पात्रं एका बाईची गोष्ट सांगत पुढे जातात. शेजारची बाई आईजवळ बसून ती बघते, मध्येच थांबवते, ‘तुझ्याकडे कसं आहे?’ म्हणून विचारते. आरोग्यसेविकेने रीतसर दिलेल्या उपचारापेक्षा ही पद्धत कमी पडली नाही. इथे यंत्राने बाईची जागा घेतलेली नाही. पाठांतराचं ओझं यंत्राकडे गेलं आणि बाई ऐकायला मोकळी झाली.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीतही धागा हाच निघतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांमध्ये 2018 मध्ये ‘संगात’च्याच गटाने 251 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. अडचण नेमकी कोणती ते ठरवायचं, मार्ग सुचवायचे, एक निवडून करून पाहायचा, असं शिकवणाऱ्या चित्रकथांच्या पुस्तिका दोन्ही गटांना दिल्या. एका गटाला सोबत समुपदेशकही दिला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, प्रशिक्षण घेतलेला साधा पदवीधर. सहा आठवड्यांनी मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी समुपदेशक मिळालेल्या गटात जास्त हलक्या झाल्या होत्या. लक्षणांच्या मोजमापात फरक नव्हता, हेही खरं. हीच पद्धत ‘पॉड अ‍ॅडव्हेंचर्स’ नावाच्या मोबाइल गेममध्ये आणली गेली आणि गोव्यातल्या शाळांमध्ये वापरली गेली. गेम इंटरनेटशिवाय चालतो, फोन शाळेत मिळतो, आणि खेळताना मदतीला माणूस हजर असतो. या तिन्ही गोष्टी ठरवून केलेल्या आहेत.

माणूस काढून घेतला तर काय होतं, याचा अंदाज 2019 च्या एका अभ्यासातून येतो. त्यात मानसिक आरोग्याची 93 अ‍ॅप्स तपासली होती. उतरवून घेतल्यावर पंधराव्या दिवशी ती उघडणाऱ्यांचं प्रमाण, मधलं अ‍ॅप धरलं तर, 3.9 टक्के. शंभरात चार. ‘आम्ही अ‍ॅप काढलं’ असं जाहीर करणाऱ्या प्रत्येक खात्याला आणि संस्थेला पहिला प्रश्न पंधराव्या दिवसाचा विचारायला हवा.

दुसरा प्रश्न फोन कुणाचा, हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशात 54 टक्के होत्या. महाराष्ट्रात प्रमाण जवळपास तेवढंच, गोव्यात मात्र 91 टक्के. गोव्यात जे जमलं ते नंदुरबारला जसंच्या तसं जमेल, असं धरून चालणं म्हणूनच धोक्याचं. घरात एकच फोन, तो सकाळी नवऱ्याच्या खिशातून कामावर जातो. संध्याकाळी परत येतो तेव्हा त्यात आलेल्या-गेलेल्या कॉलची नोंद असते, आणि ‘कुणाचा फोन होता?’ हा प्रश्न असतो. मारहाणीबद्दल बोलायचं असलेल्या बाईसाठी ती नोंदच घातक.

आणि यांतल्या बऱ्याच ‘बायका’ वयाने मुलीच आहेत. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. 15 ते 19 वयाच्या 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. शाळेतल्या मुलांसाठीचा कार्यक्रम अशा मुलीपर्यंत पोचत नाही, कारण तिची शाळा सुटलेली असते. मातांसाठीचा कार्यक्रम तिला इतर कुठल्याही बाळंतिणीसारखीच धरतो. सतराव्या वर्षी अंगावर बाळ घेऊन बसलेली ही मुलगी दोन्ही फायलींच्या मधल्या फटीत पडते, आणि सर्वांत आधी तिच्याकडेच पाहायला हवं, असं मला वाटतं.

फोन तिच्या घरात पोचलेला आहेच. मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेचा ‘एमएमित्र’ आणि केंद्र सरकारचा ‘किलकारी’ हे आठवड्याला गरोदरपणाची माहिती देणारे आवाजी कॉल लाखो घरांत वाजतात. किलकारीचे 72 कॉल चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत चालतात. मध्य प्रदेशातल्या पाच हजारांहून जास्त गरोदर बायकांवर किलकारीची चाचणी झाली. गर्भनिरोधकांच्या वापरात थोडा फरक पडला. निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात पडला नाही. ऐकवणं सोपं, वागणं बदलणं अवघड. ‘अरमान’ने गुगलच्या संशोधकांबरोबर केलेलं पुढचं काम जास्त आशादायक आहे. कोणती आई कॉल ऐकणं सोडून देईल याचा अंदाज संगणक बांधतो, आणि तिला मग संस्थेतलं माणूस स्वतः फोन करतं. सुमारे 23 हजार बायकांच्या चाचणीत ऐकणं सोडून देण्याचं प्रमाण यामुळे तीस टक्क्यांच्या आसपास घटलं. विषय शारीरिक आरोग्याचा होता, पण हीच रीत मनाच्या दुखण्यासाठीही वापरता येईल: संगणकाने निवडावं, माणसाने बोलावं.

फोन आणि माणूस यांची सांगड घातल्याचं एक सुंदर उदाहरण महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्राने डॉ. सौमित्र पठारे यांच्या पुढाकाराने नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्प सुरू केला. गावातल्याच विश्वासाच्या माणसांना स्मार्टफोन दिले आणि त्यांत दहा-दहा मिनिटांच्या फिल्म घातल्या: दारू, घरगुती हिंसा, कुटुंबातली भांडणं, बेकारी. कार्यकर्ता ओट्यावर चार जणांना फिल्म दाखवतो. नंतर कुणीतरी एकट्याने येऊन ‘तसंच आमच्याकडे आहे’ म्हणतं, आणि काम तिथून सुरू होतं. पुढे हा प्रकल्प गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात कितीतरी मोठ्या प्रमाणावर गेला.

सरकारी बाजूने 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलि-मानस’ आहे. 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही. तो प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर आणि प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर असायला हवा. पण पहिलं बाळंतपण माहेरी होऊन सव्वा महिन्यानंतर सासरी परतलेल्या, हातात फोन नसलेल्या मुलीसाठी तो क्रमांक कुणीतरी लावून द्यावा लागेल. ती व्यक्ती बहुधा आशाताईच असेल.

याच आशाताई 2023 च्या ऑक्टोबरात मोबदल्यासाठी राज्यभर संपावर गेल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत आझाद मैदानात बसल्या. त्यांच्या तक्रारींमध्ये ऑनलाइन कामांची सक्तीही होती. फोन त्यांच्याकडे आधीच आहे, तो माहिती भरण्यात गुंतलेला आहे. बाळंतिणीच्या मनाची विचारपूस हे आणखी एक बिनपैशाचं काम म्हणून त्यांच्या यादीत घातलं, तर दहाही प्रश्नांपुढे ‘नाही’ची खूण पडेल आणि अहवाल पूर्ण होईल. गोव्यात आणि रावळपिंडीत जे साधलं, ते भेटीसाठी राखून ठेवलेल्या वेळामुळे, भेटीआधीच्या प्रशिक्षणामुळे आणि नंतर कुणीतरी अनुभवी माणूस ‘कसं झालं?’ विचारायला असल्यामुळे. मानसिक आरोग्याच्या पुढच्या अ‍ॅपसाठी निविदा निघेल, तेव्हा तिच्या अंदाजपत्रकात या तासांचा मोबदला पहिल्या ओळीत धरलेला असला पाहिजे.